जुने सामान ऑनलाइन विकताना पैसे खरोखर आले, हे कसे ठरवावे

इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या भागांतली कितीतरी मराठी घरे गेल्या काही वर्षांत रिकामी झाली. मुले पुण्याला किंवा बंगळूरला स्थायिक होतात, आईवडील पुढे त्यांच्याकडे राहायला जातात आणि मागे उरते ते सागवानी कपाट, पायाने चालवायचे शिवणयंत्र, दोन उन्हाळे वापरलेला कूलर आणि यजमानांची स्कूटर. भंगारवाला या सगळ्याला वजनाचा भाव सांगतो, म्हणून लोक फोटो काढून ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा गणेश मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहिरात टाकतात. पहिला फोन बहुधा तासाभरात येतो, आणि माझा अनुभव असा, की सर्वांत जास्त सावध राहावे ते या पहिल्या फोनच्या वेळी.

हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली आणि तरीही वडिलांचे लिहिण्याचे टेबल विकताना मी फसता फसता वाचलो. टेबलाची किंमत मी १२,००० रुपये लावली होती. फोन करणाऱ्याने लाकूड कोणते, वाळवी लागली आहे का, खण नीट सरकतात का, यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही आणि एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही. आपण सैन्यात असून महूला बदलीवर आलो आहोत, संध्याकाळी युनिटची गाडी टेबल घेऊन जाईल, असे त्याने अत्यंत अदबीने सांगितले आणि पाठोपाठ गणवेशातला फोटो व ओळखपत्रही पाठवले. इंदूरकराला महूचे नाव ऐकून शंका येत नाही. छावणी खरोखरच पंचवीसेक किलोमीटरवर आहे, तिथे इन्फन्ट्री स्कूल आहे आणि तिथले लोक सामान घ्यायला शहरात येतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. भामटा नेमका याच ओळखीच्या गोष्टीचा आधार घेतो. असे ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कुणाचे, कुठून तरी मिळवलेले असते, त्यामुळे ते पाहून विश्वास ठेवण्यात काही अर्थ नसतो.

पुढे तो म्हणाला, “सर, आर्मी का पेमेंट सिस्टम थोड़ा अलग होता है.” मी आधी १० रुपये पाठवायचे, मग त्याच्याकडून २० येतील, म्हणजे खाते बरोबर असल्याची खात्री होईल, असे त्याचे म्हणणे. मी १० रुपये पाठवले आणि खरोखर २० आले. दुसऱ्या खेपेला त्याने ६,००० पाठवायला सांगितले, म्हणजे १२,००० परत येतील. मी आकडा टाकलाही होता. पिन टाकायच्या पडद्यावर वरच्या बाजूला रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव दिसते. तिथे त्या जवानाच्या नावाऐवजी एका बाईचे नाव होते, आणि तेवढ्याने माझे बोट थांबले. सैन्यासाठी यूपीआयची वेगळी पद्धत नाही. मेजर असो वा मेवा विकणारा, पैसे पाठवण्याची रीत एकच आहे. १० चे २० करून देणे हा त्याच्या दृष्टीने १० रुपयांचा खर्च होता, आणि ६,००० रुपयांच्या मानाने तो फारच किरकोळ.

या टेबलाच्या व्यवहारापासून मी एक गोष्ट ठरवून टाकली आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो. पैसे मिळवण्यासाठी विक्रेत्याला आपला क्यूआर कोड किंवा यूपीआय पत्ता देण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही, आणि पैसे मिळाल्याचा पुरावा फक्त आपल्या खात्यातल्या नोंदीत असतो, जी आपण आपल्या हाताने उघडून पाहिलेली असते. समोरच्याने दाखवलेली, पाठवलेली किंवा वाचून दाखवलेली कोणतीही गोष्ट पुरावा ठरत नाही.

पिन, क्यूआर कोड आणि पैशांची मागणी

यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केली. तिच्यात चार किंवा सहा आकड्यांचा पिन लागतो तो पैसे देताना किंवा स्वतःची शिल्लक पाहताना. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. क्यूआर कोडचेही तसेच आहे. कोड स्कॅन करणारा पैसे देतो आणि कोड दाखवणारा घेतो, म्हणून “हा कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील” असे सांगून खरेदीदाराने पाठवलेला कोड हा, त्यावर कितीही ठळक अक्षरांत ‘रिसीव्ह’ असे लिहिलेले असले तरी, आपल्या खात्यातून पैसे काढण्यासाठीच असतो. हल्ली पिनच्या जागी बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवूनही लहान रकमा देता येतात, आणि लहान रकमांसाठीच्या यूपीआय लाइट या सोयीतून तर पिनशिवायच पैसे जातात. म्हणून नुसते “पिन टाकू नका” एवढे लक्षात ठेवणे आता पुरेसे नाही. अनोळखी खरेदीदाराच्या सांगण्यावरून आपल्या पैशांच्या अ‍ॅपमध्ये कोणतेच बटण दाबू नये.

पूर्वी एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीला अ‍ॅपमधूनच पैशांची मागणी पाठवू शकत असे, आणि घाईत ‘स्वीकारा’ दाबणारे अनेक जण त्यात फसले. १ ऑक्टोबर २०२५ पासून अशी व्यक्ती-ते-व्यक्ती मागणी बंद करण्यात आली. त्यामुळे आज कुणी “मी रिक्वेस्ट पाठवली आहे, फक्त मंजूर करा” असे म्हणाला, तर ती एक तर व्यापारी खात्यावरून आलेली असेल किंवा मुळात वेगळ्याच कशासाठी असेल, आणि दोन्ही वेळा ती नाकारणेच योग्य. दुसरा उपयुक्त नियम ३० जून २०२५ पर्यंत अमलात आणायचा होता. त्यानुसार पैसे देण्यापूर्वी अ‍ॅपने घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवायचे असते, त्याने स्वतः घेतलेले टोपणनाव नव्हे. विक्रेत्याला या नियमाचा उपयोग असा, की आपला कोड किंवा यूपीआय पत्ता खरेदीदाराला दिल्यावर “कोणते नाव दिसते आहे?” असे विचारता येते. खरोखर पैसे पाठवायला बसलेला माणूस आपले नाव लगेच वाचून दाखवतो. नुसते बोलत राहणारा विषय बदलतो.

शक्य असल्यास अशा विक्रीसाठी वेगळे बचत खाते ठेवावे, त्यात फार शिल्लक ठेवू नये आणि यूपीआयला तेच जोडावे. निवृत्तिवेतनाचे खाते या कामाला वापरू नये. खबरदारी बाकी सर्व घेतली आणि तरीही काही चुकले, तर नुकसानाला तिथेच मर्यादा पडते.

स्क्रीनशॉट, एसएमएस आणि “सर्व्हर डाउन आहे”

रात्री सराफ्यात गराडू विकणाऱ्याकडे लक्ष देऊन पाहावे. गिऱ्हाईक मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढे धरते, पण तो कढईतून मान वर काढत नाही. त्याचे कान असतात ते बाजूच्या, रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या डब्याकडे. डबा बोलला, की द्रोण पुढे येतो. घरबसल्या टेबल किंवा फ्रिज विकणाऱ्याकडे असा डबा नसतो, आणि फसवणारा नेमकी त्याचीच संधी घेतो. त्याच्या मोबाइलमध्ये हुबेहूब लोकप्रिय अ‍ॅपसारखे दिसणारे नकली अ‍ॅप असते, ज्यात नाव आणि रक्कम टाकली की हिरवी खूण, घंटीचा आवाज, तारीख-वेळ आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक, असे सगळे दिसते. हा क्रमांकही बनावट असू शकतो. त्याचा उपयोग फक्त आपल्या खात्यातल्या नोंदीशी जुळवून पाहण्यापुरता.

पैसे जमा झाल्याचा एसएमएस बनवणे तर त्याहून सोपे आहे. बँकेचा खरा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी क्रमांकाऐवजी इंग्रजी अक्षरांचे शीर्षक असते, आणि २०२५ पासून त्या शीर्षकाच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे एक इंग्रजी अक्षर असते: व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी आणि सरकारी संदेशासाठी जी. तरीही मी शीर्षकाच्या तपासणीवर फार विसंबू नका असेच सांगेन, कारण घाईत असलेला आणि चष्मा शोधणारा माणूस शेवटचे अक्षर पाहत नाही. त्यापेक्षा एसएमएस हा ‘आता खाते उघडून पाहा’ एवढाच इशारा समजावा.

खाते उघडायचे ते स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमधून, स्वतःच्या मोबाइलवर. शिल्लक वाढली आहे एवढे पाहून थांबू नये, नोंद पाहावी. रक्कम किती, कुणाच्या नावावरून आणि किती वाजता जमा झाली, हे तीन तपशील जुळले पाहिजेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवृत्तिवेतन जमा होऊन शिल्लक फुगलेली असते, आणि त्या दिवशी “पाहा, वाढली की नाही” हे वाक्य फार सहज पटते. अ‍ॅप वापरत नसल्यास एटीएममधून छोटा उतारा काढावा किंवा शाखेत पासबुक भरून घ्यावे. व्यवहार ‘पेंडिंग’ दाखवत असेल तर पैसे आपल्याकडे आलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

यावर ठरलेली उत्तरे येतात. यूपीआयचा सर्व्हर बंद आहे, एनईएफटी केले आहे आणि ते दोन दिवस घेते, आज रविवार आहे, बाहेर टेम्पो उभा आहे आणि त्याचे भाडे चढते आहे. यांतल्या एनईएफटीच्या सबबीला उत्तर माहीत असलेले बरे: १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा सुटीच्या दिवशीही चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाने तिची फेरी होते आणि फेरी पूर्ण झाल्यावर दोन तासांच्या आत रक्कम जमा व्हायला हवी. तेव्हा दोन दिवस लागत असतील तर टेबलही दोन दिवस आपल्या घरात राहील, असे शांतपणे सांगावे. धनादेशाबाबतही हेच. धनादेश हातात येणे म्हणजे पैसे येणे नव्हे. तो वटल्याची नोंद होईपर्यंत वस्तू दाराबाहेर जाऊ देऊ नये. टेम्पोचे भाडे ही खरेदीदाराची अडचण आहे, आणि माझ्या मते मराठी माणसाला सर्वांत जड जाते ते हेच, दारात उभ्या असलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे. त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, चहाही द्यावा. वस्तू तेवढी देऊ नये.

याच जातीची आणखी एक युक्ती म्हणजे चुकून जास्त पाठवल्याचा कांगावा. २,००० च्या जागी २०,००० गेले असा एसएमएस येतो, पाठोपाठ रडवेला फोन येतो, आई दवाखान्यात आहे, १८,००० लगेच परत करा. खात्यात तशी नोंद नसेल तर विषय संपला. नोंद खरोखर असेल तरी पैसे आपण स्वतः परत पाठवू नयेत, विशेषतः तो सांगेल त्या वेगळ्याच क्रमांकावर तर नाहीच. त्याने आपल्या बँकेकडे तक्रार करावी आणि आपण आपल्या बँकेला लेखी कळवावे.

तिसऱ्या माणसाचा खेळ

सर्वांत अवघड फसवणूक ती, ज्यात दारात आलेला खरेदीदार खरा असतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी यजमानांची स्कूटर ४५,००० रुपयांना जाहिरातीत टाकली होती. फोनवरच्या माणसाने किंमत मान्य केली आणि म्हणाला, “काकू, गाडी मी मेहुण्याला भेट देतो आहे, तो बघायला येईल, त्याच्यासमोर पैशाचा विषय काढू नका.” त्याच वेळी त्याने काकूंचेच फोटो वापरून ३२,००० रुपयांची स्वतःची जाहिरात टाकली होती आणि देवासच्या एका तरुणाला सांगितले होते, की गाडी माझ्या मावशीची आहे, ती म्हातारी आहे, तिच्याशी भावाचे बोलू नकोस, गाडी पसंत पडली की पैसे मला पाठव. तरुण आला, त्याने गाडी चालवून पाहिली आणि अंगणात उभा राहून मोबाइल काढला. काकूंना त्याच सुमारास ४५,००० चा स्क्रीनशॉट आला. दोघेही सज्जन, दोघेही एकमेकांना फोनवरच्या माणसाचे नातेवाईक समजत होते आणि दोघेही सांगितल्याप्रमाणे गप्प होते. मी सहज कुंपणावरून त्या मुलाला विचारले, “कितीला ठरली?” तो म्हणाला, बत्तीस. काकूंच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

पैशाबद्दल बोलू नका, अशी अट कुणीही घातली की तीच मोडावी. वस्तू पाहायला आलेल्या माणसाला समोरासमोर तीन गोष्टी विचाराव्यात: जाहिरात कुठे पाहिली, फोनवर कुणाशी बोललात आणि किंमत किती ठरली. पैसेही त्यानेच, आपल्यासमोर, स्वतःच्या खात्यातून पाठवावेत आणि नोंदीतले नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळावे. भलत्याच नावावरून पैसे आले तर रक्कम खरी असूनही थांबावे. ती दुसऱ्याच कुणाची लुबाडलेली रक्कम असू शकते, आणि त्या व्यक्तीने तक्रार केली की तपासासाठी तेवढी रक्कम, कधी कधी संपूर्ण खाते, गोठवले जाते. टेबल गेले, पैसे अडकले आणि वर पोलिसांना उत्तरे देणे आले, अशी अवस्था होते.

वाहनाच्या बाबतीत पैसे जमा झाल्यावरही मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये, आणि हस्तांतरणाची सूचना १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयात द्यावी. नाहीतर पुढचे चलन आपल्याच नावावर येत राहते.

भेट, रोकड आणि फोनवरची पथ्ये

लहान वस्तू विकायची असल्यास घराचा पत्ता देण्यापेक्षा छप्पन दुकान किंवा पलासियासारख्या वर्दळीच्या ठिकाणी दिवसा भेटावे. आपल्या बँकेच्या शाखेबाहेर भेटलो तर उतारा तिथल्या तिथे तपासता येतो. रोकड घेतल्यास नोटा मोजून व उजेडात पाहूनच घ्याव्यात. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, पण जुन्या सामानात तो प्रसंग क्वचितच येतो.

खरेदीदाराने पाठवलेली कुरिअरची लिंक, पैसे घेण्याचा फॉर्म किंवा एखादी एपीके फाइल (म्हणजे मोबाइलमध्ये थेट बसणारे अ‍ॅप) उघडू नये. “मी तुम्हाला पडद्यावर दाखवतो” असे म्हणत स्क्रीन शेअर करायला किंवा आपला मोबाइल दुसऱ्याला दुरून चालवू देणारे एनीडेस्कसारखे अ‍ॅप टाकायला सांगितले तर फोन ठेवून द्यावा. या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते.

पैसे गेलेच तर

पहिला फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करावा, आणि तो लगेच, घरच्यांची बोलणी ऐकून झाल्यावर नव्हे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवले जातात; ते वाटेत अडवायचे असतील तर तक्रार तेवढीच लवकर पोहोचली पाहिजे. तक्रारीसाठी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक आणि समोरच्याचा फोन क्रमांक हाताशी ठेवावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. गप्पांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि रागाच्या भरात त्या माणसाला ब्लॉक करून संभाषण पुसून टाकू नये. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-डी लागू होऊ शकते. तक्रार दाखल करून घेताना पोलीस ते पाहतीलच.

परताव्याबद्दल खोटी आशा देणे मला पटत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम घातला होता, की चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर भार पडत नाही. पण पिन आपणच दिला किंवा टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. वस्तू विकताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून बँकेला कळवायला लागलेला प्रत्येक तास आपल्याच खर्चाचा असतो.

माझे टेबल अखेर तिलक नगरातल्या एका शिक्षिकेने नेले, १०,५०० रुपयांना, दीड तास घासाघीस करून. खण काढून पाहिले, पाय हलवून पाहिले, तेव्हाच मला हायसे वाटले. मात्र जाहिरात काढून टाकायला मी विसरलो. तीन आठवड्यांनी भाच्याने एक जाहिरात दाखवली, शहर वेगळे, किंमत ४,०००, आणि डाव्या खणावरचा वडिलांच्या दौतीचा डाग अगदी ओळखीचा. मी तिथे तक्रार केली आणि जाहिरात निघाली. तेव्हापासून फोटो काढताना वस्तूवर तारीख आणि ‘इंदूर’ असे हाताने लिहिलेला कागद ठेवतो, आणि पैसे जमा झाल्याची नोंद पाहिली की त्याच बैठकीत जाहिरात काढून टाकतो.